नाव एकच ‘ससा’, पण प्राणी दोन!



मागच्या महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि मग एका ताईंनी विषय काढला. त्यांच्या मुलाला हरभऱ्याच्या रानात सशाची दोन पिल्लं सापडली होती. आई जवळपास कुठंच दिसेना, म्हणून पोरानं टोपीत घालून घरी आणली. ताईंच्या घरी आधीच पांढऱ्या सशांची एक जोडी आहे, आणि मादी नुकतीच व्याली होती. ताईंना वाटलं, बरंच झालं, हिच्याच पेटीत ठेवू, हीच पाजेल. वर शेजारणीनं सल्ला दिला, ‘‘रानातला ससा काटक असतो. मोठा झाला की आपल्या पांढऱ्या मादीला लावा. होणारी पिल्लं उन्हाळ्यातही टिकतील.’’

पांढऱ्या मादीनं पिल्लांना जवळ केलं नाही. ताईंनी गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पिल्लं मेलेली होती. ताई सांगत होत्या, ‘‘पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. माझं काय चुकलं तेवढं सांगा.’’

मी गावात पशुसखी म्हणून काम करते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर बैठकीत दिलंच, पण गावोगावच्या सख्यांना उपयोगी पडेल म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे. ताईंची माया खरी होती. चूक झाली ती नावामुळे. आपण रानातल्यालाही ससा म्हणतो आणि पिंजऱ्यातल्यालाही ससाच म्हणतो. प्रत्यक्षात ते दोन वेगळे प्राणी आहेत.

एका कुळातले, पण एक नव्हेत

इंग्रजीत या दोघांना दोन नावं आहेत. आपल्या माळावर, बांधावर, हरभऱ्यात दिसतो तो ‘हेअर’. आपण त्याला रानससा म्हणू. पिंजऱ्यात पाळतात तो ‘रॅबिट’. त्याला पाळीव ससा म्हणू. शाळेत शिकलेल्या ससा-कासवाच्या गोष्टीतला ससासुद्धा इंग्रजीत हेअरच आहे. शर्यत लावायची खुमखुमी त्यालाच असणार!

दोघं एकाच कुळातले आहेत. शेळी आणि मेंढी जशा जवळच्या, तरी वेगळ्या, तसंच हे समजा. दोघांचेही पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून सारखं काहीतरी कुरतडावं लागतं. पण ते उंदराच्या जातीचे मात्र नाहीत. वरच्या पुढच्या दोन दातांमागे त्यांना आणखी दोन बारके दात असतात. उंदराला ते नसतात. दोघंही आपल्याच मऊ लेंड्या परत खातात. नवीन ससे पाळणाऱ्या बायका हे पाहून घाबरतात, पण हा आजार नव्हे. गाय जशी रवंथ करते, तशी चाऱ्यातलं सत्त्व पूर्ण काढून घ्यायची ही त्यांची रीत आहे.

इथवर साम्य. आता फरक पाहू.

पहिला फरक: घर

रॅबिट मूळचा स्पेन-पोर्तुगाल या भागातला. तो जमिनीत बिळं खणतो, आणि एकेका ठिकाणी बरेच ससे मिळून राहतात. धोका दिसला की मागचा पाय जमिनीवर आपटून बाकीच्यांना सावध करतो आणि बिळात पळतो. आपले पांढरे, करडे, काळे सगळे पाळीव ससे या युरोपातल्या रानटी रॅबिटचेच वंशज आहेत. म्हणून मोकळे सोडले की अंगणाची माती उकरायला लागतात.

रानससा बीळ करत नाही. गवतात, झुडपाच्या बुडाशी, ढेकळांच्या आडोशाला बसून बसून एक खोलगट जागा तयार होते, तेच त्याचं घर. दिवसभर तिथं कान पाठीला चिकटवून गप्प बसतो आणि संध्याकाळी चरायला निघतो. बहुतेक वेळा एकटाच असतो. लपायला बीळ नाही, म्हणून त्याची सगळी भिस्त दोन गोष्टींवर असते: आधी अजिबात न हालता बसणं, आणि अगदी पायाशी आल्यावर उसळी मारून पळत सुटणं. पळतानाही सरळ पळत नाही, एकदम इकडे तर एकदम तिकडे वळतो. आपण बायका ‘नुसती ससेहोलपट झाली’ म्हणतो ना, तो शब्द या बिचाऱ्यावरूनच आला आहे. कुत्री मागं लागली की त्याला शिरायला घर नसतं.

दुसरा फरक: अंगकाठी

रानससा लांबट असतो. कान लांब, मागचे पाय चांगलेच लांब, अंगावर वाळल्या गवताचा तपकिरी रंग आणि त्यात काळी झाक. वजन साधारण दोन ते साडेतीन किलो. पाळीव ससा आटोपशीर, गोलसर दिसतो. मात्र माणसानं निवडून निवडून मोठ्या जाती तयार केल्या आहेत. न्यूझीलंड व्हाईट ही जात चार-पाच किलोपर्यंत भरते. म्हणून नुसत्या वजनावरून ओळखायला जाऊ नका.

आपल्या रानसशाबद्दल एक गंमतीची गोष्ट. जुन्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे की, साधारणपणे गोदावरीच्या दक्षिणेकडच्या सशांच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो आणि शेपटीची वरची बाजू काळी असते. गोदावरीच्या उत्तरेकडच्यांच्या मानेवर तो काळा पट्टा नसतो आणि शेपटी तांबूस-तपकिरी असते. आज हे दोन्ही एकाच जातीचे प्रकार मानले जातात. तुमच्या शिवारातला कुठला, ते लांबूनच पाहा. धरून पाहायचं नाही. का, ते पुढं येतंच.

तिसरा फरक: पिल्लं

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे.

पाळीव सशीण साधारण ३० ते ३२ दिवसांत विते. विण्याआधी पोटाचे केस उपटून मऊ गादी करते. पिल्लं होतात ती लालसर, बिनकेसांची, डोळे मिटलेली. डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. बिळाच्या किंवा पेटीच्या उबेशिवाय ती जगत नाहीत.

रानसशीण जास्त दिवस पोट वागवते, जवळजवळ दीड महिना. एका वेळी पिल्लं कमी, बहुतेकदा एक ते चार. ती उघड्यावरच जन्मतात. पण जन्मतानाच अंगावर दाट केस असतात, डोळे उघडे असतात आणि थोड्याच वेळात ती हालचाल करू लागतात. लवकरच एकमेकांपासून थोड्या अंतरावर जाऊन, गवतात एकेकटी गप्प बसतात. सगळी एका जागी असली तर कोल्ह्या-कुत्र्याला एकदम सापडतील, म्हणून ही सोय.

आणि आई? ती दिवसभर मुद्दाम लांब राहते. पिल्लाजवळ बसली तर तिच्या वासावर कुत्रं नेमकं तिथं पोचेल. अंधार पडू लागला की ती येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. तिचं दूध फार घट्ट आणि भरपूर स्निग्ध असतं, त्यामुळे थोड्याशा पाजण्यावर पिल्लू पुढचा दिवस काढतं.

आता पाहा, भर दुपारी रानात एकटं बसलेलं पिल्लू दिसलं तर ते अनाथ नसतं. ते आईनं सांगितल्यासारखं बसलेलं असतं. त्या दिवशी संध्याकाळी हरभऱ्याच्या रानात त्यांची आई नक्की येऊन गेली असेल, आणि तिला पिल्लं सापडली नसतील. हे मी बैठकीत बोलले तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनीच म्हटलं, ‘‘हे छापा. म्हणजे दुसऱ्या कुणाचं पोरगं पिल्लं उचलणार नाही.’’

गाईचं दूध पातळ असतं. ते या पिल्लांना मानवत नाही, पोट फुगतं, हगवण लागते. त्यात माणसांचा आवाज, पिंजरा, हाताळणी यांची दहशत. रानसशाचं पिल्लू भीतीनंही दगावतं. ताईंनी जीव लावला, तरी ते जगणं फार अवघड होतं.

‘रानातला नर लावला तर?’

शेजारणीच्या सल्ल्याचंही उत्तर देते, कारण हा गैरसमज बऱ्याच गावांत आहे. रानससा आणि पाळीव ससा यांचा संकर होत नाही. प्रत्येक जिवाच्या पेशीत गुणसूत्रं नावाचे बारीक धागे असतात आणि आई-बापाकडून आलेल्या धाग्यांची जुळणी व्हावी लागते. रानसशात हे धागे ४८ असतात, पाळीव सशात ४४. दोघांचे वंश फार पूर्वीच वेगळे झाले आहेत, त्यामुळे पिल्लू तयारच होत नाही. कुणी ‘हा रानटी क्रॉस आहे, काटक आहे’ असं सांगून जास्त पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे किंवा स्वतः फसला आहे.

कायदा काय सांगतो

रानससा हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे संरक्षित प्राणी आहे. त्याला फासे किंवा जाळी लावून धरणं, मारणं, घरी पाळणं, त्याचं मांस विकणं हा गुन्हा आहे. ‘आमच्याच शेतात सापडला’ ही सबब चालत नाही. पिल्लू मायेनं घरी आणलं तरी ते वन्यप्राणी ताब्यात ठेवणंच झालं. गटाच्या नावावर व्यवसाय करताना तर ही गोष्ट फारच जपायला हवी. एका सदस्याच्या घरी रानससा सापडला, तर चौकशी सगळ्या गटाची होते.

पाळीव ससा हा मात्र पाळीव प्राण्यातच मोडतो. तो पाळता येतो. सशांवर सरकारी संस्थाही काम करतात. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, आणि तिच्या तमिळनाडूतल्या मन्नवनूर केंद्रात मांसासाठीच्या सशांवर काम चालतं.

काढणीच्या वेळी काय करायचं

पिल्लं आपल्या हाती सापडतात ती बहुतेक खुरपणी, काढणी किंवा ऊसतोडीच्या वेळी. म्हणून एवढं करा:

१. कापणीआधी रानातून एक चक्कर मारा. कुत्रं बरोबर असेल तर बांधून ठेवा.

२. कापणी एका बाजूनं सुरू करून दुसऱ्या बाजूकडे न्या. चारी बाजूंनी घेरत आत गेलं की मोठ्या सशालाही निघायला वाट राहत नाही.

३. पाचट किंवा धसकटं पेटवू नका. पिल्लू धोक्याच्या वेळी पळत नाही, दबून बसतं, आणि आगीतही दबूनच बसतं. शिवाय पाचट कुजवलं तर जमिनीला खत मिळतं, तो फायदा वेगळाच.

४. पिल्लू दिसलं आणि त्या जागी काम नसेल, तर हात न लावता पुढं जा. तिथं एक काठी रोवून ठेवा, म्हणजे इतरांचा पाय पडणार नाही.

५. हलवावंच लागलं तर हातात गवताचा पुंजका घेऊन उचला आणि जवळच्याच बांधावर, गवताच्या आडोशाला ठेवा. लांब नेऊ नका. संध्याकाळी आई त्याच भागात शोधणार आहे.

६. पोरांनी आधीच हात लावला असेल तरी पिल्लू जागेवर नेऊन ठेवा. ‘माणसाचा वास लागला, आता आई घेणार नाही’ असं म्हणून घरी ठेवून घेऊ नका. बहुतेक वेळा आई घेते.

७. पिल्लू जखमी असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवा. दूध पाजू नका. वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा किंवा वनरक्षकांना कळवा.

ससेपालन करायचं असेल तर

ज्या सख्यांना पाळीव ससे पाळायचे आहेत, त्यांना या फरकातूनच काही धडे मिळतात.

पाळीव सशाचा मूळ पुरुष जमिनीखाली, गारव्यात राहणारा. म्हणून त्याला ऊन सोसत नाही. ३० अंशांच्या वर तापमान गेलं की ससे धापा टाकतात, कमी खातात. कडक उन्हाळ्यात नराची ताकद काही काळ कमी होते, मग मादी गाभण राहत नाही. पत्र्याखाली पिंजरे ठेवले तर एका दुपारीत ससे मरू शकतात. झाडाची सावली, छपरावर पाचट, बाजूला ओली पोती आणि चोवीस तास पाणी, हे जमणार असेल तरच सुरुवात करा.

बिळाच्या जागी त्याला पेटी द्यायची. नर दाखवल्याची तारीख लिहून ठेवा आणि २७-२८ व्या दिवशी सुकं गवत घालून पेटी पिंजऱ्यात ठेवा. शेळीसारखा माज दिसायची वाट पाहू नका. सशिणीत तसा ठरावीक माज दिसत नाही. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीकडे नाही. नाहीतर ती आपल्या जागेसाठी भांडते.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. पाळीव सशीणही पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच पाजते, तेही चार-पाच मिनिटं. या बाबतीत ती रानसशिणीची बहीणच आहे! त्यामुळे ‘आई पिल्लांकडे बघतच नाही’ म्हणून घाबरू नका. सकाळी पिल्लांची पोटं पाहा. गोल, टम्म आणि पिल्लं ऊबदार असतील तर सगळं ठीक आहे. पोट खपाटीला गेलेलं आणि कातडी सुरकुतलेली असेल तरच डॉक्टरांना विचारा.

पैशाचं सांगायचं तर, कर्ज उचलण्याआधी आपल्या बाजारात ससा कोण विकत घेतो, ते स्वतः जाऊन विचारा. ‘तुम्ही फक्त पाळा, पिल्लं आम्हीच घेऊ’ असं म्हणून महागडी जोडी गळ्यात मारणारे येतात आणि विक्रीच्या वेळी फोन उचलत नाहीत. करार कागदावर हवा, आणि तो गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून झाल्यावरच सही करायची. आधी दोन-तीन जोड्यांनी सुरुवात करा आणि एक उन्हाळा काढून पाहा. मगच पुढचा विचार.

नको झाले म्हणून रानात सोडू नका

धंदा जमला नाही तर ‘सोडून देऊ रानात’ असं कुणी म्हणेल. तेही करायचं नाही. पांढरा ससा माळावर लांबून दिसतो. पिंजऱ्यात वाढलेल्याला ना लपता येतं, ना शोधून खाता येतं. बहुतेक एक-दोन दिवसांत कुत्र्याच्या तोंडी जातो.

आणि जगला तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियाला विचारा. १८५९ साली तिथल्या व्हिक्टोरिया भागात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून आणलेले साधारण दोन डझन रॅबिट सोडले. बिळं खणून ते वाढत गेले आणि पुढच्या काही दशकांत त्यांनी कुरणंच्या कुरणं फस्त केली. त्यांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात कुंपणं घातली गेली, एकूण ३,२५६ किलोमीटर लांबीची! तरी ससे पलीकडे गेलेच. त्याच देशात हेअरही सोडले गेले होते, पण त्यांचा एवढा उपद्रव झाला नाही. बिळातलं सुरक्षित घर आणि झटपट वीण, या दोन गोष्टींनी रॅबिट तिथं वरचढ ठरला.

थोडक्यात लक्षात ठेवा

- रानससा उघड्यावर राहतो, पाळीव सशाचा वंश बिळातला.
- रानससा एकटा राहतो, रॅबिट कळपानं.
- रानसशाची पिल्लं केसाळ आणि उघड्या डोळ्यांची, पाळीव सशाची उघडी आणि मिटल्या डोळ्यांची.
- दोघांचा संकर होत नाही.
- रानससा धरणं-पाळणं गुन्हा, पाळीव ससा पाळता येतो.
- रानात एकटं पिल्लू म्हणजे अनाथ पिल्लू नव्हे. आई संध्याकाळी येते.

सख्यांनो, पुढच्या बैठकीत हा लेख एकीनं मोठ्यानं वाचावा, आणि घरी जाऊन पोरांना सांगावा. पिल्लं उचलून आणतात ती पोरंच, आणि समजावून सांगितलं तर राखतातही तीच. त्या ताईंचा मुलगा आता हरभरा काढायच्या दिवसांत सगळ्यांच्या पुढं रानातून फिरतो आणि पिल्लू दिसलं की काठी रोवतो. यंदा त्यानं एक काठी रोवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर पिल्लू तिथं नव्हतं आणि आजूबाजूला ताज्या लेंड्या पडल्या होत्या. आई येऊन गेली असावी, असं तो आता सगळ्यांना सांगतो.

– तुमची पशुसखी